पोचलं म्हणा

तुमच्या घरातलं लेकरू परदेशात शिकतंय, त्याची फी भरायची मुदत तोंडावर आली आहे, आणि तुमच्यासमोर दोन जण आहेत. एक काचेमागचा अनोळखी कारकून. तो सतरा कागद मागतो. दुसरा तुमच्या सुनेचा मावसभाऊ. तो चहा मागवतो आणि म्हणतो, 'कागद कशाला, मी आहे ना.' छातीवर हात ठेवून सांगा, पैसे कुणाच्या हातात द्याल?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे शंभरातले बहुतेक जण तेच देतील. निरगुडसरचे गेनूनानाही तेच देणार होते, आणि त्यांना ते उत्तर द्यायचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हक्क होता. का, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

नानांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता. सारं आयुष्य ट्रकच्या खिडकीत टेकून उन्हात भाजलेला. आमच्या भागातली तरकारी ते वाशीच्या बाजारात न्यायचे आणि परतताना पैसे आणायचे. बाजारातला आडत्या प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाची पट्टी करायचा. माल किती, भाव काय, हमाली, तोलाई, आडत किती कापली आणि शेवटी हातात किती, असा तो कागद. पट्टीत रोकड गुंडाळून त्याची पुडी नानांच्या हवाली व्हायची. पावती नाही, सही नाही. बंडीच्या आत शिवलेल्या कापडी पिशवीत साऱ्या वस्त्यांची कमाई बसायची आणि माळशेज घाट चढून गावात यायची.

पुडी दिल्यावर नाना हलायचे नाहीत. दारात उभे राहायचे.

"पोचलं म्हणा."

"अवो नाना, तुमच्या म्होरंच घेतलं की!"

"घेतलं म्या पायलं. तोंडानं म्हणा."

"पोचलं, बाबा, पोचलं!"

मग टोपी काढायची, घाम पुसायचा, मग चहा. त्याआधी पाण्याचा थेंब नाही. लग्नाची पत्रिका असो, लेकीच्या सासरी धाडलेला आंब्याचा करंडा असो, तोच हट्ट. आम्ही पोरं एकमेकांना पेरू फेकून 'पोचलं म्हणा' ओरडायचो. नानांना ते कळायचं. "हसा," म्हणायचे. "माल निघाला म्हंजी गेला न्हाई. पोचल्याचा निरोप आला म्हंजी गेला."

एकदा घाटात त्यांचा ट्रक कलंडला. गळपट्टीचं हाड मोडलं. दवाखान्यात बंडी कापायला कात्री आणली, तर नानांनी डॉक्टरचा हात धरून ठेवला. काकू, म्हणजे त्यांची बायको, येईपर्यंत कुणाला शिवू दिलं नाही. काकू आल्या, पिशवी पदराखाली घेतली, नवऱ्याला तिथंच सोडून गावी परतल्या आणि वस्तीवस्तीवर फिरल्या. लोक म्हणायचे, "काकू, नानाचं कसं हाय ते आधी सांगा." काकू म्हणायच्या, "पोचलं म्हणा, मंग सांगते."

काळजीत असले की नाना खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या हातानं गिअर टाकायचे. हवेतच. घरात कुणी आजारी पडलं, पाऊस लांबला, सुनेला माहेराहून यायला उशीर झाला, की तो हात मांडीशेजारी पुढं-मागं व्हायला लागायचा. त्यांना स्वतःला पत्ता नसायचा. शोभावहिनी, त्यांची सून, स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, "नानांनी घाट चढाया घेतला. काय झालं वो?"

पुढं आडते पैसे खात्यात टाकायला लागले. पुड्या बंद झाल्या, मग नानांनी ट्रकही विकला. लोकांच्या खिशात फोन टुंग करायचा. नाना विचारायचे, "ह्ये टुंग म्हंजी पोचलं व्हय? कोण म्हणलं?" लोक हसायचे. ट्रकचे पैसे आणि संपतदादाची बचत मिळून त्यांची नात पूनम डॉक्टरकीला जॉर्जियाला गेली. संपतदादा म्हणजे नानांचा मुलगा, पूनमचे वडील, चाकणला कंपनीत पाळीवर. पूनम माझी बालमैत्रीण. त्यांचं अंगण आणि आमचं अंगण एकच.

पहिल्या वर्षांची फी प्रवेश करून देणारी पुण्यातली एजन्सी भरायची. आमच्याकडून घ्यायची, तिकडे पोचवायची, मधे किती ठेवायची ते देवाला ठाऊक. त्या वर्षी एजन्सीनं फोन उचलणं बंद केलं. पूनमचा फोन आला तेव्हा तिचा आवाज पातळ झाला होता.

"पप्पा, पुढच्या शुक्रवारपर्यंत फी कॉलेजच्या खात्यात दिसली पाहिजे. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. आणि नाव कमी झालं तर इथं राहायचा परवानाही वाढत नाही."

"म्हंजी?" नानांनी विचारलं.

"म्हंजी परत यायचं, नाना. तीन वर्षं पाण्यात."

नानांचा डावा हात सुरू झाला.

माझे वडील ग्राहक चळवळीतले. आमच्या घरात ज्वारीच्या कोठीवरसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असत आणि मला बाराखडीच्या आधी उद्गारचिन्ह कळलं होतं. मी लगेच पेटले. परदेशी पैसे पाठवण्याच्या नावाखाली चाललेल्या लुटीवर पत्रकच काढते म्हणाले. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "काढ. तुजं पत्रक छापून हुईस्तवर पूनम हितं निंदायला आल्याली आसंल."

शोभावहिनीनं आपल्या मावसभावाचं नाव काढलं. नंदू. आळेफाट्याला त्याचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या आड हा दुसरा उद्योग. नाना निघाले. मलाही घेतलं. "चल गं पत्रकवाले, फोनवरचं इंग्रजी वाचाया लागंल."

फाट्यावर गाड्यांचा धूर, नाशिककडच्या एसटीचे भोंगे, टायर बडवल्याचा आवाज. त्यात नंदूनं आम्हाला शेजारच्या हॉटेलात बसवलं. माणूस गोड. नानांच्या पाया पडला.

"नाना, बँकवाले लई कापत्यात, राव. फॉर्म भरा, प्यान द्या, सह्या करा, वर त्यांचा भाव येगळा. तुमी हितं रुपये द्या. माजा मानूस तिथं डॉलर पूनमच्या हातात दील. संध्याकाळी. कमिशन म्हंजी चहापाणी."

"हे बेकायदेशीर आहे!" मी एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या ड्रायव्हरची मिसळ थांबली.

नाना माझ्याकडे वळले. रागावले होते. "आन् म्या काय कायदेशीर व्हतो? सांग की. कुटली पावती दिली म्या तुज्या आज्याला?"

त्यांचा सगळा जन्म याच वाटेवर गेला होता. कागद नाही, शब्द आहे. नंदूला नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पिशवीला नाही म्हणणं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. टेबलाखाली हात घाट चढत होता.

मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पावणं, पोचलं कोण म्हणंल?"

"पूनम म्हणंल ना."

"तिला नगं. कालेजाला पोचाया पायजे. ती एवढे डॉलर घिऊन हिंडणार, आन् कालेज रोकड घील का न्हाई ते तुमाला म्हाईत न्हाई. बरं. तुमचा मानूस कोण?"

"हाय एक."

"नाव?"

नंदू हसला. "नाना, ह्यात नाव नस्तं. नोटंचा नंबर दावायचा. तो नंबर जुळला की मानूस आपला."

"त्यानं न्हाई दिलं तर म्या कुणाच्या दारात जाऊन बसायचं?"

"माज्या बसा की!"

"तुमच्या दारात बसून तुमच्या बहिणीच्या घरात भांडान लावू?" नाना उठले. चहाचा कप तसाच राहिला. "पावणं, राग मानू नगा. म्या पिशवी आनायचो तवा माजं नाव, माजं दार, माजी बायको, समद्यास्नी म्हाईत व्हती. पिशवी बुडली असती तर लोकांनी मला घरादारासकट उन्हात आणलं असतं. तुमच्या मानसाला घरच न्हाई."

इथं मी नंदूला खलनायक करू शकते. पण खोटं लिहिलेलं पत्रक शत्रूच्याच कामाला येतं, असं वडील सांगत. म्हणून लिहिते की डिंगोरे गावातल्या एका घराचे पैसे त्याच वाटेनं सुखरूप गेले होते. दुसऱ्या खेपेला गेले नाहीत. नंदू म्हणाला माझा माणूस फोन उचलत नाही, आणि तो खरंच उचलत नसावा. त्या घरानं तक्रार कुठे करायची? पोलिसांना काय सांगायचं, की आम्हीच नियम मोडून रोकड दिली? चोरवाटेचा खरा खर्च हा असतो. ती स्वस्त असते, कारण त्या वाटेवर तुम्हाला ओरडायची सोय नसते.

आता राहिली बँक. गावातल्या शाखेनं हे काम इथं होत नाही म्हणून मंचरला धाडलं. मंचरच्या शाखेत काचेमागं एक तरुण मॅडम होत्या, समोर पीककर्जाची रांग, त्यात आम्ही. त्यांनी कॉलेजचं पत्र मागितलं, पूनमच्या पासपोर्टची प्रत, संपतदादाचं पॅन कार्ड, पैसे कशासाठी चालले त्याचा फॉर्म. संपतदादा अर्धी पाळी बुडवून आला होता. कॉलेजचा खातेनंबर आला तेव्हा नानांनी काम थांबवलं. पूनमला फोन लावला, कॉलेजच्या फीच्या खिडकीपुढं उभं राहायला सांगितलं आणि तिथल्या बाईंना विचारून एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लावला. रांगेतले लोक कुरकुरले. मॅडम मात्र म्हणाल्या, "बरोबर आहे आजोबा. खातेनंबर बदलल्याचे खोटे मेल येतात हल्ली."

मग त्यांनी फॉर्मवरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. "मधल्या बँकांची कपात कोणाकडून घ्यायची? पाठवणाऱ्याकडून की पोचणाऱ्या रकमेतून?"

पुढं जी चूक झाली ती फक्त आमच्याच भागातली माणसं करू शकतात. पट्टीवरची हमाली, तोलाई, आडत पिढ्यानपिढ्या कुणाच्या रकमेतून कापली गेली? ज्याच्या हाती पैसे पडायचे त्याच्या. नानांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. संपतदादानं त्यांच्याकडं पाहिलं.

"ज्याला पोचतं त्याच्यातून," नाना म्हणाले. "रीतच हाय ती."

मॅडमनी खूण केली. मागून कुणीतरी पीकविम्याचा कागद पुढं सरकवला. आम्ही बाहेर आलो.

पैसे संपतदादाच्या खात्यातून गेले होते. कॉलेजच्या खात्यात दिसत नव्हते. मधे कुठे होते? बँक म्हणे, मार्गात आहेत. नाना विचारत, "कुटल्या घाटात?" मधे दुसरा शनिवार आणि रविवार, दोन्हीकडच्या बँका बंद. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले. जेवायला उठेनात. शोभावहिनी ताट आणून ठेवायची आणि ताट झाकून परत न्यायची. ती मला म्हणाली, "माझ्या भावाला दिलं असतं तर संध्याकाळी मिळालं असतं." मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मिळालं असतं का गं?"

मंगळवारी दुपारी पूनमचा फोन आला. संपतदादानं तो नानांच्या कानाशी धरला.

"नाना, पोचलं."

नानांचा हात टोपीकडं गेला.

"पण कमी पोचलंय. मधे कुणीतरी कापलं. खिडकीतल्या बाई म्हणतात, पूर्ण भरल्याशिवाय नाव लागत नाही."

टोपीवरचा हात तिथंच राहिला. तो एवढा धिप्पाड माणूस, मी त्याला घाटातल्या अपघातानंतर हाताला झोळी बांधून हसताना पाहिलं होतं. त्या दुपारी त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ते संपतदादाला म्हणाले, "पोरीच्या पट्टीतनं म्याच कापाया लावलं रं."

"नाना, तुमाला काय म्हाईत. मी पण गप बसलो की."

"म्हाईत न्हाई तर इचारायचं व्हतं. म्या इचारलं न्हाई. म्या सांगितलं."

तूट फार नव्हती, पण मुदत तीन दिवसांवर होती. पुन्हा बँकेच्याच वाटेनं पाठवलं तर पुन्हा घाट. दोनचार ॲप होती, जाहिरात करणारी. मी म्हणाले, परवाना असलेलीच बघायची. रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेच्या किंवा मान्यता असलेल्या व्यवसायाच्या आधारानं चालणारी. संपतदादानं दोन निवडली, फोन नानांसमोर धरला. एकावर मोठ्या अक्षरात होतं: शुल्क शून्य.

"ह्ये फुकट पाठवत्यात, नाना."

नानांनी फोनकडं संशयानं पाहिलं. "आडत घेत न्हाई म्हणनारा वजनात मारतो. म्या बाजारात जलम काढलाय. ह्ये वजन कुटं करतंय?"

मी डॉलरचा भाव दाखवला. दोन्हींचा वेगळा होता. फुकटवाल्याचा डॉलर महाग होता.

"मंग भाव नगं, आडत नगं, काय बी नगं," नाना म्हणाले. "दोगांला येकच इचार. हितनं येवढे रुपये दिले तर कालेजाच्या खात्यात किती पडणार? समदं कापून. येक आकडा."

विचारलं. फुकटवाल्याकडून कमी पोचत होते. शुल्क घेणाऱ्याकडून जास्त. मग नानांनी दुसरा प्रश्न स्वतःच्या चुकीतून काढला: "वाटंतली कपात?" त्या दुसऱ्यानं स्पष्ट लिहिलं होतं की जो आकडा दिसतो तोच कॉलेजला पोचेल. तरी नानांनी त्यांच्या मदत-क्रमांकावर फोन लावायला लावला आणि पलीकडच्या मुलाला विचारलं, "बाळा, तुजं नाव काय? तक्रार कुटं करायची?" त्यानं दोन्ही सांगितलं. नाना म्हणाले, "ह्याला घर हाय. धाड."

बुधवारी धाडलं. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी सकाळी काही नाही. जॉर्जियाचं घड्याळ आपल्यामागं चालतं, एवढीच काय ती सवलत. पूनम कॉलेजच्या खिडकीशी उभी होती. आम्ही अंगणात. मंचरच्या मॅडमचा फोन आला, पोचलं का म्हणून विचारायला. त्यांचा नंबर संपतदादानं फॉर्मच्या दिवशी घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "मी त्या चौकटीबद्दल नीट समजावायला हवं होतं." नाना म्हणाले, "रांग लई व्हती, बाय." आणि डावा हात गिअर टाकत राहिला. चढण संपतच नव्हती.

चहाची वेळ टळून गेल्यावर फोन वाजला.

"नाना, पोचलं! पूर्ण पोचलं!"

शोभावहिनी मटकन ओट्यावर बसली. संपतदादा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नाना मात्र टोपी काढेनात.

"तू न्हाई. कालेजाला म्हणाया लाव."

"नाना, त्या बाईंना मराठी येत नाही!"

"तोंडानं म्हणाया लाव."

पलीकडं पूनमचं हसणं, रडणं, काहीतरी परकं बोलणं. काचेवर टकटक. दुसऱ्या बाईचं हसणं. मग एक अनोळखी, जाड, समुद्रापलीकडचा आवाज आमच्या अंगणात आला, अक्षर जुळवत:

"पो-च-लं."

नानांनी टोपी काढली. घाम पुसला. डावा हात मांडीवर निवांत पडला होता, इंजिन बंद केल्यासारखा. म्हणाले, "शोभा, च्या टाक."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गेले तेव्हा पूनमची परीक्षा सुरू होती आणि तिनं यायचं नाही, असं त्यांनीच आधी बजावून ठेवलं होतं.

माझं त्यांचं शेवटचं दर्शन निरगुडसरच्या थांब्यावरचं. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते. त्यांच्याभोवती दोन माणसं उभी होती. एकाचा मुलगा जर्मनीत, एकाची भाची दुबईत. दोघं फोन पुढं करून विचारत होते, नाना, हे बरं का ते? नाना फोनकडं बघतही नव्हते. "मला काय इचारता? म्या येकदा चुकल्याला मानूस," असं म्हणत होते आणि तरी तेच प्रश्न शिकवत होते. एसटी सुटली. त्यांनी मला पाहिलं, काळा हात वर केला आणि तोंडाजवळ दुसरा हात नेऊन काहीतरी ओरडले. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. स्वारगेटला उतरल्या उतरल्या मी फोन लावला आणि तो शब्द म्हटला.

आता माझी मागणी. हे पत्रक समजा, चालेल. परदेशी पैसे धाडाल तेव्हा चेहरा बघून किंवा 'फुकट' वाचून धाडू नका. परवाना बघा, आणि विचारा: सगळं कापून तिथं किती पडणार, वाटेतली कपात कुणावर, आणि नाही पोचलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? उत्तर मिळेपर्यंत पैसा सोडू नका. आणि हे वाचणारे तुम्ही जर परदेशातले असाल, घरून आलेल्या पैशावर शिकत असाल, तर फोनवर दोन अक्षरांचा मेसेज टाकून मोकळे होऊ नका. घरी कुणीतरी टोपी न काढता बसलेलं असेल. आत्ता फोन लावा आणि तोंडानं म्हणा.